नवव्या महिन्यातली खाज

खाज सुटणं हा काही चारचौघांत सांगायचा आजार नाही. ताप आलाय म्हटलं की माणसं कपाळाला हात लावून बघतात, पोटात दुखतंय म्हटलं की जवळ येऊन बसतात. खाज सुटलीय म्हटलं की पावडर सुचवतात. मीही गरोदरपणाच्या शेवटी शेवटी बरेच दिवस पावडरच लावत होते. आत्ता कुठेतरी माझ्यासारखीच कुणी पावडर लावत बसली असेल, तिच्यासाठी हे लिहिते आहे.

टँकरचं पाणी

मी निपाणीची, नवरा तुषार पुण्याचा. दोघंही बेंगळुरूत आयटीत, मारतहळ्ळीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. आठवा महिना संपत आला तेव्हा माझी तब्येत उत्तम होती. बीपी नाही, शुगर नाही, सोनोग्राफीत सगळं ठीक. पहिलं बाळंतपण म्हणून नववा लागता लागता निपाणीला आईकडे जायचं ठरलं होतं. आईनं मधली खोली रंगवून घेतली होती, डिंक आणि आळीव आणून ठेवले होते.

खाज आधी तळपायांना सुरू झाली. बाथरूमबाहेरच्या काथ्याच्या पायपुसण्यावर पाय घासले की बरं वाटायचं, म्हणून मी काही काम नसताना तिथे जाऊन उभी राहायचे. मग तळहात. ऑफिसची मीटिंग घरून चालायची, तेव्हा कॅमेऱ्यात चेहरा शांत आणि खाली दोन्ही हात टेबलाच्या कडेवर घासणं चालू. त्वचेवर मात्र काहीच दिसत नव्हतं. ना पुरळ, ना गांधी. जे होते ते माझ्याच नखांचे ओरखडे. आडवं झालं की खाज वाढायची, त्यामुळे झोपेचं खोबरं झालं होतं.

आमच्या बिल्डिंगला टँकरचं पाणी येतं. इथे केस गळाले तरी टँकर आणि अंग खाजलं तरी टँकर. समोरच्या दारातल्या सरोजाक्कांनी अंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला घालायला सांगितला. तुषारनं नळाला फिल्टर बसवून घेतला. मी खोबरेल तेल लावून पाहिलं, मोजे ओले करून घालून पाहिले, फ्रीझरमध्ये स्टीलचे पेले ठेवून ते मुठीत धरून बसले. बरं वाटायचं ते पेला गार असेपर्यंत.

आईला यातलं काही बोलले नव्हते. नुसत्या खाजेचं काय सांगायचं?

दारातून परत

नेहमीची तपासणी होती. निपाणीला जायच्या आधीची शेवटची. डॉक्टर मॅडमनी ठोके ऐकले, वजन बघितलं, माझे सगळे कागद एका फाईलीत लावून दिले, प्रवासात काय काळजी घ्यायची ते सांगितलं. आम्ही उठलो. तुषारनं दार उघडलंसुद्धा. तेव्हा मला आठवलं आणि मी म्हटलं की खाजेसाठी एखादं क्रीम लिहून द्याल का, पाणी फार खराब आहे.

त्यांनी विचारलं, कुठे खाजतं. मी तळहात दाखवले, म्हटलं, पायांनाही.

"अंगावर पुरळ?"

"नाही."

"बसा परत," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझे डोळे खालच्या पापण्या ओढून बघितले, लघवीचा रंग विचारला. गडद होत होती, पण पाणी कमी पिते म्हणून असेल असं मी धरून चालले होते. मग त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. गरोदरपणात काही बायकांचं लिव्हर मंद होतं. पित्तातले काही घटक बाहेर पडायचे ते रक्तात साचायला लागतात. खाज हे त्याचं लक्षण. बाळंतपण झालं की आईला सहसा पूर्ण बरं वाटतं. काळजी असते ती बाळाची.

तुषारनं विचारलं, काळजी म्हणजे काय. बहुतेक बाळं व्यवस्थित येतात, मॅडम म्हणाल्या, पण रक्तातलं प्रमाण फार वाढलं तर क्वचित पोटातच बाळाचे ठोके थांबतात, आणि ते आधी कळत नाही. म्हणून आपण शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघायची नाही. आधी रक्त तपासू, गोळ्या सुरू करू, आणि प्रमाण बघून बाळ कधी बाहेर आणायचं ते ठरवू. निपाणीला जायचं मात्र रद्द करा.

त्यांनी शेवटी विचारलं, तुमच्या आईला किंवा बहिणीला असं झालं होतं का. हे घराण्यात असू शकतं. मी अगदी खात्रीनं नाही म्हटलं. मी एकुलती एक, आणि माझ्या वेळचं आईचं बाळंतपण नीट झालं होतं, एवढं मला माहीत होतं.

खाली रक्त द्यायच्या रांगेत मी पोटावर हात ठेवून बसले. बाळ हललं. इतके दिवस ते हललं की मजा वाटायची. त्या दिवसापासून ते हललं की सुटल्यासारखं वाटायला लागलं आणि नाही हललं की मी घड्याळ बघायला लागले. हा बदल एका खोलीतून बाहेर येईपर्यंत झाला होता.

आईचा फोन

निपाणीला येता येणार नाही हे आईला कसं सांगायचं याचंच मला दडपण होतं. इतकी तयारी करून बसलेली बाई. ती नाराज होईल, डॉक्टर घाबरवतात म्हणेल, असं वाटलं होतं. मी जमेल तितकं हलकं करून सांगितलं, की जरा खाज सुटते, लिव्हरचं काहीतरी आहे, प्रवास नको म्हणाल्या.

आईनं एकच विचारलं. "तळव्यांना?"

हो म्हटलं. मग ती म्हणाली, "रात्रीच्या गाडीनं येतो मी."

आमच्या भागात बायकाही 'येतो, जातो' म्हणतात. तुषार एरवी या बोलण्याला हसायचा. त्या दिवशी तो हसला नाही, उठून पाहुण्यांची गादी शोधायला लागला.

सकाळी आई आली ती एकच पिशवी घेऊन. डिंक नाही, आळीव नाही, काही नाही. तिनं चप्पल काढली, हात धुतले आणि माझ्या पोटावर हात ठेवून बाळ हलेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, चहा टाकतो.

घरातले दिवस

रिपोर्ट यायला काही दिवस लागले. ते दिवस मला आजारापेक्षा घरातल्या ताणामुळे जास्त आठवतात.

आई मला खाजवू देत नव्हती. माझा हात पायाकडे गेला की ती धरायची. आधी हळू, मग घट्ट. मी चिडायचे. ज्याला अशी खाज कधी सुटली नाही त्याला कळणार नाही, कुणीतरी हात धरून ठेवला की रडू फुटतं. एका दुपारी मला डुलकी लागली होती, जाग आली तर आईनं जुन्या मऊ साडीच्या पट्ट्या माझ्या दोन्ही हातांना गुंडाळल्या होत्या. बोटांपर्यंत. मी त्या फाडूनच काढल्या.

तुषार शांत स्वभावाचा आहे. पण तोही पार आंबून गेला होता. दिवसभर काम, मध्येच इंटरनेटवर या आजाराचं वाचन, आणि वाचलेलं मला दिलासा देईल अशा बेतानं सांगणं. त्यानं त्या पट्ट्या बघितल्या आणि आईला म्हणाला, आई, खाजवू दे की तिला, त्यानं काय होणार आहे. आई म्हणाली, तुला काय कळतंय. जावयाला असं बोलणारी ती नाही. संध्याकाळी एकानं बाल्कनीत आणि एकीनं स्वयंपाकघरात चहा प्यायला. माझा चहा गार होऊन गेला.

आईचं दुसरं पालुपद होतं, डॉक्टरना सांगा, आजच बाळ काढा. मला तेव्हा ती अडाणीपणा करते आहे असं वाटलं, हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं वाटलं होतं.

दोनदा

रिपोर्ट आला. प्रमाण बऱ्यापैकी वाढलेलं होतं. आम्ही तिघंही दवाखान्यात गेलो. मॅडमनी सांगितलं की सदतिसावा आठवडा लागला की दाखल व्हायचं, तोपर्यंत एक दिवसाआड येऊन ठोक्यांचा आलेख काढायचा. गोळ्यांचा डोस वाढवला. मी पुन्हा विचारलं की तोपर्यंत थांबणं सुरक्षित आहे ना. फुप्फुसं तयार व्हायला ते दिवस बाळाला हवेत, त्या म्हणाल्या, आणि प्रमाण आणखी वाढलं तर आपण थांबणार नाही.

मॅडम कन्नड. आमच्याशी इंग्रजीत बोलायच्या. आई निपाणीची, तिचं कन्नड चांगलं. मीही शाळेत शिकले म्हणून मला कळतं, तुषारला अजून ऑटोवाल्याशी 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, यापलीकडे येत नाही. मॅडमनी आईकडे बघून कन्नडमध्ये विचारलं, अम्मा, तुम्हाला गरोदरपणात असं झालं होतं का?

आई कन्नडमध्ये म्हणाली, "दोनदा."

मी तिच्याकडे वळून बघितलं. मी एकटीच आहे.

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती मॅडमशी बोलत होती, खालच्या आवाजात, पण कुठेही न अडखळता. पहिल्या वेळी नवव्या महिन्यात अशीच खाज होती. सासू सांगायची खाजवू नको, बाळाला बाधतं. "मी सगळ्यांची नजर चुकवून न्हाणीघराच्या भिंतीला पोट घासायचे, हात घासायचे. मग एक दिवस तो हलायचा थांबला. मुलगा होता. दुसऱ्या वेळी पुन्हा खाज आली, तेव्हा मी हातांना फडकी बांधून घेतली, एकदाही खाजवलं नाही. म्हणून ही जगली."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अम्मा, खाजवल्यानं काहीच होत नाही."

"पण हिच्या वेळी मी हात बांधले होते."

"हात बांधले नसते तरी ही जगलीच असती. आणि त्याच्या वेळी बांधले असते तरी तो वाचला नसता. आजार रक्तात होता, अम्मा. तुमच्या नखांत नव्हता. तेव्हा तुमच्या गावात हे कुणाला कळणारच नव्हतं."

आईनं तेच पुन्हा विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत. भिंतीला पोट घासलं होतं, त्यानं आत धक्का बसला नसेल? मॅडम पुन्हा नाही म्हणाल्या. बाहेर पेशंट ताटकळत होते, तरी त्यांनी घाई केली नाही. आईनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. तिनं पदर सारखा केला आणि उठली.

तुषारला यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि सासू कोरड्या डोळ्यांनी उभी आहे. त्यानं मला विचारलं, रिपोर्ट आणखी वाईट आहे का?

कँटीनमध्ये

दवाखान्याच्या कँटीनमध्ये आईनं तीच गोष्ट मराठीत सांगितली. तुषारसाठी. ती म्हणाली, मराठीत हे कधी तोंडातून निघालंच नव्हतं. घरात त्याचं नाव कुणी काढायचं नाही असं ठरलं होतं, आणि नाव तर ठेवलंच नव्हतं. मोठ्या बायकांनी पुन्हा मूल होईपर्यंत विषय नको म्हणून सांगितलं. मग मी झाले, आणि मग विषय काढायला जागाच उरली नाही.

"केस होते डोकंभर," ती म्हणाली. "मला दाखवलं होतं एकदा."

तुषारनं तिच्यासमोरचा कॉफीचा पेला सरकवला आणि म्हणाला, "आई, मला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी नको तसं बोललो."

"तुला कुठनं माहीत असणार?" आई म्हणाली. "हिलाच माहीत नव्हतं."

मला काय वाटलं ते धड सांगता येत नाही. मला एक भाऊ होता याचं दुःख होण्याआधी मला तिच्या हातांची आठवण आली, की नववा महिनाभर फडकी बांधलेल्या हातांनी तिनं भाकरी कशी थापली असेल. विचारलं तर म्हणाली, थापायची तेवढ्यापुरती सोडायचो, लगेच बांधायचो.

त्या दिवसानंतर तिनं माझा हात धरला नाही. मी खाजवायला लागले की ती उठून फ्रिजमधलं गार फडकं आणून द्यायची. भीती काही गेली नव्हती, ना तिची ना माझी. पण आता आम्ही एकाच गोष्टीला भीत होतो, त्यामुळे घर शांत झालं.

पट्टे आणि आलेख

ठोक्यांचा आलेख काढणं म्हणजे पोटावर दोन पट्टे बांधून डाव्या कुशीवर पडून राहायचं. मशीनमधून आवाज येतो, बादलीत कुणी भराभर कपडे घुसळतंय तसा. पहिल्या वेळी बाळ झोपलेलं होतं, आलेख सपाट आला आणि मी गार पडले. नर्सनं मला मोसंबीचा रस प्यायला लावला, कूस बदलायला सांगितली, पोटाला दोन्ही हातांनी हलवलं. बाळ जागं झालं. असं बरेचदा होतं, हे तिनं आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी इथे सांगते आहे.

याच नर्सनं एकदा माझे तळहात बघितले आणि फ्रिजमधली सलाईनची बाटली आणून हातात दिली. आलेख संपेपर्यंत धरून ठेवा, म्हणाली. पुढच्या खेपेला न मागता दिली. आई पडद्याबाहेर थांबायची ते बघून तिनं तिला आत स्टूल दिलं. नियम तसा नव्हता. आई त्या स्टुलावर बसून मशीनकडे बघायची, आमच्याकडे नाही.

बाकी वेळ मी घरीच. एक गोष्ट मात्र सांगते. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर फोन करत बसू नका, सरळ दवाखान्यात जा. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा सगळं ठीक होतं. दोन्ही वेळा कुणी मला हसलं नाही.

जन्म

ठरलेल्या दिवशी सकाळी दाखल झाले. कळा आणण्यासाठी औषध ठेवलं, मग सलाईन. त्यात बराच वेळ काही घडत नाही, आणि मग एकदम सगळं घडायला लागतं. त्याचं वर्णन करत नाही, प्रत्येकीचं वेगळं असतं. कळा जोरात आल्या तेव्हा माझं खाजेकडे लक्षच नव्हतं, आणि त्याचंही मला बरं वाटलं, इतकी ती खाज होती.

दुपार कलताना पाणी गेलं तेव्हा ते हिरवट होतं. बाळानं आतच शी केली होती. मॅडमचा आवाज बदलला नाही, पण खोलीत माणसं वाढली. बाळ बाहेर आलं आणि रडलं नाही. लहान मुलांचे डॉक्टर त्याला बाजूच्या टेबलावर घेऊन गेले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. तुषार माझ्या डोक्याशी उभा होता, त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. मी मनात काहीही म्हटलं नाही, ना देवाचं ना कशाचं. मी फक्त ऐकत होते.

मग ती रडली. आधी खोकल्यासारखं, मग खणखणीत. मुलगी होती.

दाराबाहेर आईनं ते ऐकलं. तुषार सांगायला बाहेर गेला तेव्हा ती बाकावरून उठली नव्हती, हात मांडीवर उलटे ठेवून बसली होती. तो म्हणाला, आई, सगळं ठीक आहे. ती म्हणाली, ऐकलं मी.

लेकीला एक दिवस नवजात बाळांच्या विभागात ठेवलं आणि मग माझ्याजवळ आणलं. दुसऱ्या दिवशी जेवताना माझ्या लक्षात आलं की मी सकाळपासून एकदाही खाजवलेलं नाही. जशी आली तशीच गेली. नंतर रक्त पुन्हा तपासलं, लिव्हर मूळपदावर आलं होतं. पुढच्या वेळी हे परत होण्याची शक्यता बरीच आहे, असं मॅडमनी सांगून ठेवलं आहे. तेव्हा आता सुरुवातीपासून लक्ष ठेवता येईल.

त्या संध्याकाळी आईनं खिडकीशी उभं राहून बाबांना फोन केला. मुलगी झाल्याचं त्यांना आधीच कळलं होतं. आता तिनं डॉक्टर खाजेबद्दल काय म्हणाल्या ते सांगितलं. मग बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग इतकी वर्षं बोलला का नाही?" फोन ठेवल्यावर तिनं मला सांगितलं, बाबा म्हणत होते, तुझ्यामुळे गेला असं मला एक दिवसही वाटलं नाही, तू विसरलीस असं वाटलं, म्हणून मी आठवण काढली नाही.

निपाणीत

लेक पाच महिन्यांची झाल्यावर आम्ही निपाणीला गेलो. शेजारच्या घरी सुनेचं डोहाळजेवण होतं. ओटी भरून झाली, फोटो चालले होते. आई त्या मुलीशेजारी जाऊन बसली आणि तिचा हात हातात घेऊन तिनं विचारलं, हातापायांच्या तळव्यांना खाज सुटते का गं. मुलगी नाही म्हणाली. तिची सासू लगेच मध्ये पडली, की आजच्या दिवशी आजारपणाचं कशाला काढता.

आईनं मुलीचा हात सोडला नाही. "माझा पहिला मुलगा असाच गेला, नवव्या महिन्यात," ती म्हणाली. घरात रोज बोलते त्याच आवाजात. "मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी हिला विचारतो. खाज सुटली तर लगेच रक्त तपासून घ्यायचं, पोरी. आणि खाजवायचं तेवढं खाजव. त्यानं काही होत नाही."

कुणीतरी फोटो काढायचं थांबवलं. मग भिंतीकडेला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी, ज्या आल्यापासून एक शब्दही बोलल्या नव्हत्या, हळूच विचारलं, "तळव्यांना म्हणजे, रात्रीची जास्ती येते ती का गं?"

आईनं त्यांच्याकडे बघितलं. मग मुलीचा हात माझ्या हातात देऊन ती उठली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली.